मोहोळ जाळण्याआधी थोडे थांबा!

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींच्या सज्जांखाली, पाण्याच्या टाक्यांखाली, उड्डाणपुलांच्या पोटाशी आग्या मोहोळे लटकू लागतात. खालून पाहिले तर कुणी काळे घोंगडे वाळत घातले आहे असे वाटते. मग सोसायटीची बैठक भरते. कुणीतरी फोन करतो. रात्री दोन माणसे दोर सोडून येतात, औषधाचा फवारा मारतात किंवा पेटता बोळा लावतात, आणि अर्ध्या तासात सगळे संपते. सकाळी खाली पडलेल्या मेलेल्या माश्या पाटीत भरून नेतात त्या आपल्यातल्याच सफाई कामगार भगिनी. त्या औषधाचा वास दोन दिवस त्यांच्या नाकातून जात नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात कुठेच नसते.

या कामाला ‘पेस्ट कंट्रोल’ म्हणतात. ढेकूण, झुरळ, उंदीर आणि मधमाशी, सगळी एकाच यादीत! यादी करणाऱ्याला एकच विचारावेसे वाटते. बाबा रे, काल रात्री तू जेवलास त्यात भोपळा होता की नव्हता?

भाकरी मिळेल, पण भाकरीबरोबर काय?

मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असे एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवले जाते. त्याने असे कधी म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरेही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांना माशीची गरज लागत नाही. त्यांचे पराग वाऱ्याने जातात किंवा फुलातल्या फुलातच काम होते. तेव्हा माश्या गेल्या तरी भाकरी मिळेल. प्रश्न भाकरीबरोबर काय मिळणार हा आहे.

भोपळा, काकडी, दोडका, कारले यांच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. नराचे पराग मादीपर्यंत कुणी तरी वाहून नेल्याशिवाय फळ धरत नाही. ज्या भगिनींनी पत्र्यावर किंवा गच्चीत वेल चढवला आहे त्यांना हा अनुभव असेल. फुले भरपूर येतात, मागे बोटाएवढे फळही दिसते, आणि चार दिवसांत ते पिवळे पडून गळते. खताला दोष दिला जातो, दृष्ट लागली असेही म्हटले जाते. खरे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की त्या फुलावर माशी आलीच नाही.

सूर्यफूल, तीळ, मोहरी, करडई ही तेलाची पिके, आंबा, पेरू, लिंबू, जांभूळ, डाळिंब ही फळे, कांदा आणि कोथिंबिरीचे बी, या सगळ्यांत कीटकांचा कमी-अधिक वाटा आहे. जगातल्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ मध्ये मोठा अहवाल दिला. माणसाच्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे ७५ टक्के प्रकार थोडेफार तरी परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, असे त्यात नोंदले आहे. वजनाने मोजले तर जगातल्या सुमारे ३५ टक्के पीक उत्पादनाशी त्यांचा संबंध येतो. श्रीमंताच्या ताटात पदार्थ कमी झाला तर तो बाहेरून मागवील. आपल्याकडे आधी भाजी महाग होते, मग ती पातळ होते, मग ताटातून जाते आणि त्या जागी चटणी येते. जीवनसत्त्वे कुठून कमी झाली ते बाळंतिणीच्या आणि शाळकरी पोरांच्या अंगावर दिसते.

कामकरी फौज

मधमाशी म्हटले की आपल्याला आग्याच आठवते, कारण तिचा डंख आठवतो. आपल्या महाराष्ट्रात मध गोळा करणाऱ्या चार जाती प्रामुख्याने दिसतात. आग्या सर्वांत मोठी, उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीत पाळता येते. फुलोरी अगदी छोटी. तिचे तळहाताएवढे पोळे झुडपात किंवा खिडकीच्या गजालाही दिसते आणि ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. चौथी पोयाची माशी. ती डासापेक्षा थोडी मोठी असेल, तिला नांगीच कामाची नसते. जुन्या भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी काळे बारीक काहीतरी ये-जा करताना दिसले, तर ते हिचे घर.

पण फौज एवढ्यावर संपत नाही. जगात मधमाशीच्या कुळातल्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांना राणी नाही, पोळे नाही, मधाचा साठा नाही. जुन्या चाळीच्या लाकडी वाशाला पेन्सिलीने पाडल्यासारखे गोल भोक दिसते आणि त्यातून घुं-घुं करत काळा भुंगा निघतो, तो यातलाच. पोरे त्याला घाबरतात, मोठी माणसे भोकात रॉकेलचा बोळा घालतात. हा भुंगा शेवग्याच्या फुलावरचा मुख्य कामगार आहे. शेवग्याचे फूल पुरेसे उघडायला आणि परागांना नीट भिडायला अंगात वजन लागते, ते त्याच्याकडे असते. शेंगांची आमटी आवडणाऱ्यांनी त्याला एवढी सवलत द्यायला हरकत नाही. वाशाची फारच काळजी असेल तर भोके असलेला जुना बांबू जवळपास बांधून ठेवावा, तो तिकडे जातो.

पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली आणखी एक माशी आहे. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलातले पराग मिठाच्या डबीसारखे आत कोंडलेले असतात, हलवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. ही माशी फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झटकून घेते. मधमाशीला ही कला येत नाही. निळ्या पट्ट्यांची मादी मातीत बीळ करून अंडी घालते. नरांना घर नसते. ते संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. संध्याकाळी मुलांना घेऊन एखाद्या पडीक जागेत नीट शोधले तर हे दृश्य शहरातही दिसते.

रात्रपाळीही आहे. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल सांजवेळी उमलते, त्यावर पतंग येतात. काटेसावर आणि केळी यांच्या फुलांवर वटवाघळे येतात. पांगाऱ्यावर मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते.

आणि पिंपळ! ज्या वृक्षाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्या वृक्षाचे फूल आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? कुणीच नाही, कारण ते फळाच्या आत असते. ज्याला आपण पिंपळाचे फळ म्हणतो ती खरे तर आतल्या बाजूला शेकडो बारीक फुले असलेली पिशवी आहे. जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी अंगावर दुसऱ्या पिंपळाचे पराग घेऊन येते आणि पिशवीच्या तोंडाच्या बारीक फटीतून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, काहींवर पराग सांडते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखी जन्मतात, बाहेरचे जग न पाहताच मरतात. माद्या मात्र पराग अंगाला लावून बाहेर पडतात आणि दुसरा पिंपळ शोधतात. त्यांचे आयुष्य उणेपुरे एक-दोन दिवसांचे. वड, उंबर, पिंपळ, प्रत्येकाची माशी साधारणपणे वेगळी. तेव्हा पिंपळ एकटा जगत नाही. त्याला उडून जाता येईल एवढ्या अंतरावर दुसरे पिंपळ लागतात आणि त्यांच्या मधली हवा विषारी नसावी लागते. ही माशी मेली तर पिंपळाला बी धरणार नाही, फळे पिकणार नाहीत आणि त्या फळांवर जगणारे कोकीळ, मैना, हरियल उपाशी राहतील. पिंपळावर मुंजा असतो असे सांगून पोरांना भिववणाऱ्यांना ही हकिकत जरूर सांगावी. मुंज्यापेक्षा ती कितीतरी अद्भुत आहे, आणि खरी आहे.

जी हवा माशीला मारते

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधक गीता थिम्मेगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्या माश्यांवर जवळजवळ चार वर्षे काम केले. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. शहरातल्या कमी धुळीच्या आणि जास्त धुळीच्या, वाहनांच्या वर्दळीच्या जागा त्यांनी निवडल्या आणि त्या त्या जागच्या माश्या तपासल्या. मध्यम आणि जास्त प्रदूषित जागेवरून आणलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या. त्यांच्या अंगावर शिसे, आर्सेनिक अशा विषारी धातूंचे कण चिकटलेले होते. हृदयाचे ठोके अनियमित झालेले होते. प्रदूषित जागी फुलांवर येणाऱ्या माश्यांची संख्याही कमी होती. या माश्या कुणी पाळलेल्या नव्हत्या, रोज त्या रस्त्याकडेच्या झाडांवर कामाला येणाऱ्या होत्या.

हा अहवाल वाचून आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता यावा? त्या रस्त्याकडेला माणसे राहत नव्हती का? हायवेला चिकटून झोपड्या कुणाच्या असतात, सिग्नलवर गजरे आणि लिंबू-मिरच्या कोण विकते, दुभाजकाच्या झाडांना पाणी कोण घालते, गटारे कोण उपसते? माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे, म्हणून तिच्यावरचा परिणाम शास्त्रज्ञाला लगेच मोजता आला. आपले आयुष्य लांब आहे, म्हणून आपला हिशेब दम्याच्या औषधांच्या बिलात हळूहळू निघतो. मधमाशी वाचवा म्हणणारा माणूस चैनीचे बोलतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा संबंध ध्यानात घ्यावा.

धुराची गाडी

पावसाळ्यात वस्तीत धुराची गाडी येते. पोरे तिच्यामागे धावतात. नगरसेवकालाही ती आवडते, कारण काम झालेले दिसते. आता डेंग्यू-मलेरियाने आपल्या वस्त्यांत माणसे दगावली आहेत, त्यामुळे फवारणीच नको असे म्हणणे माणुसकीला धरून नाही. साथ आली की ती हवीच. पण तो धूर त्या क्षणी उडणाऱ्या डासाला मारतो. पिंपातल्या, कुलरमधल्या, टायरमधल्या पाण्यातल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. आठवडाभरात नवी पिढी तयार. डेंग्यूचा डास तर दिवसा चावणारा. मधमाशी, फुलपाखरू, पतंग, डास खाणारा चतुर यांना मात्र धूर झेपत नाही, आणि त्यांची पिढी आठवड्यात भरून निघत नाही.

म्हणून मागणी अशी करावी. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरातले पिंप, बादली, फुलदाणी कोरडी करण्याची मोहीम पालिकेने वस्तीबरोबर राबवावी, पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकणे द्यावीत, तुंबलेल्या जागा बुजवाव्यात, जिथे पाणी हटवता येत नाही तिथे गप्पी मासे सोडावेत. ज्या वस्तीला चोवीस तासांत अर्धा तास पाणी येते ती पिंपे भरून ठेवणारच, तिला दोष देऊन भागणार नाही. पाणी नियमित आले तर साठवण कमी होते, साठवण कमी झाली तर डास कमी होतात. धूर फुलावरच्या झाडांवर मारू नये. आणि धुराचे यंत्र खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या कंत्राटी कामगाराला मास्क, हातमोजे, साबण आणि नियमित तपासणी मिळावी. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे तरुण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

फ्रान्सने कायदाच केला. २०१७ पासून तिथे सार्वजनिक बागा आणि रस्त्याकडेची हिरवळ यांवर रासायनिक कीटकनाशके व तणनाशके वापरायला बंदी आहे, काही थोडे अपवाद सोडून. आपल्याकडच्या बागांत लॉन हिरवेगार दिसावे म्हणून जे मारले जाते, त्याच लॉनवर लेकरे लोळतात.

कचऱ्यावर उगवलेले रान

शहरात हे सगळे होणे शक्य आहे का? धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एके काळी मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. तिथे १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले, आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडले. कचऱ्यावर माती पसरून हजारो झाडे लावली गेली. नुसती शोभेची नाही, तर फुलपाखरांच्या अळ्यांना खायला लागणारी, पाखरांना फळे देणारी. आज पलीकडे तिवरांची रांग, अलीकडे दाट झाडी आणि मध्ये फुलपाखरे. बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती हाकेच्या अंतरावर. एकदा शाळेच्या सुट्टीत पोरांना घेऊन जरूर जावे. धारावीची ओळख कचरा आणि चामडे एवढीच करून देणाऱ्यांना ही बाग दाखवण्यासारखी आहे.

या बागेचा धडा झाडांच्या निवडीत आहे. आपल्या पालिकांना लवकर वाढणारी, गाईने न खाल्लेली आणि पाणी कमी मागणारी झाडे आवडतात. म्हणून दुभाजकांवर कोनोकार्पसच्या भिंती उभ्या राहिल्या. हिरव्यागार दिसतात, पण त्यांचे पराग वाऱ्याने उडतात आणि फुलावर माशी क्वचितच येते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. आफ्रिकेतून आलेल्या पिचकारीच्या लाल-केशरी फुलांत डंखहीन माश्या मरून पडलेल्या आढळतात, अशी नोंद ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी केली आहे. आणि हे लावण्यासाठी आपल्या मातीतली झाडे काही कमी नाहीत. करंज, जांभूळ, कडुनिंब, बकुळ, बहावा, ताम्हण, पांगारा, काटेसावर. ताम्हण तर आपले राज्यफूल आहे! शासनाने २०१५ मध्ये राणी पाकोळी ऊर्फ नीलवंत हे निळे-काळे मोठे फुलपाखरू राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाते. मान दिला, आता पानेही द्यायला हवीत.

झाडाबरोबर मातीही हवी. एकेकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुसंख्य जमिनीत बिळे करतात. आपण मात्र फुटपाथ, अंगण, झाडाचा बुंधा, जे दिसेल ते सिमेंटने आणि पेव्हर ब्लॉकने बंद करतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. त्यात झाडाचा विचार होता. माशीचेही काम झाले, आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू लागले ते वेगळेच. आपल्या गल्लीत बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जात असेल तर कंत्राटदाराला थांबवून विचारावे.

परदेशातल्या शहरांच्या बातम्या येतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराने २०१९ पर्यंत ३१६ बसथांब्यांच्या छपरांवर जाडसर पानांची फुलझाडे लावली. छान आहे, पण आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने ऊन, तिथली झाडे इथे चालायची नाहीत. त्यापेक्षा कोस्टा रिकातल्या कुरिदाबात या छोट्या शहराची गोष्ट मला अधिक पटते. एडगर मोरा महापौर असताना त्या शहराने मधमाश्या, फुलपाखरे, वटवाघळे आणि चिमुकले शिंजीरसारखे हमिंग पक्षी यांना चक्क नागरिक ठरवले. नागरिक ठरवल्यावर रस्ता बांधताना, बाग आखताना त्यांची सोय विचारात घ्यावी लागते. नागरिक या शब्दाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

अलीकडे श्रीमंत सोसायट्या आणि कंपन्या गच्चीवर मधमाशीच्या पेट्या ठेवून फोटो छापतात. त्याबद्दल सावध राहावे. लंडनमध्ये पेट्या इतक्या वाढल्या की फुले पुरेनाशी झाली आणि रानटी माश्यांच्या तोंडचा घास जाऊ लागला, असा इशारा तिथल्या क्यू उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दिला. आधी फुले, मग पेट्या. फुले न लावता पेट्या ठेवणे म्हणजे धान्य न देता रेशनकार्डे वाटणे.

कायदा आपल्या हाती आहे

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तिने लोकांना बरोबर घेऊन लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या परिसरात कोणती झाडे, कोणते पक्षी, कोणते कीटक आहेत याची ती नोंद. आपल्या पालिकेची ही समिती कुठे बसते, तिची शेवटची बैठक कधी झाली, नोंदवहीत आपल्या वॉर्डाचे पान आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना जी झाडे आठवतात ती त्या वहीत गेली पाहिजेत.

दुसरा कायदा १९७५ चा, महाराष्ट्राच्या नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना झाली पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले. पुनर्विकासात जुन्या चाळी जात आहेत. घरे मिळणार याचा आनंद आहेच, पण चाळीच्या अंगणातले वड-पिंपळ, उंबर, शेवगे नकाशावर दाखवले आहेत का, हे सहीच्या आधी पाहून घ्यावे. सही झाल्यावर विचारणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मोहोळ बसले तर

ते शुभही नाही आणि अशुभही नाही. कुंभारमाशीने भिंतीत घर केले की पाळणा हलणार, अशीही समजूत काही घरांत आहे. तिलाही काही अर्थ नाही. आग्या मोहोळ काही महिने राहते आणि फुलांचा हंगाम सरला की माश्या स्वतःहून उठून जातात. वर, हाताबाहेर असेल तर खिडकी बंद ठेवून, खाली पाटी लावून वाट पाहावी. रात्री त्या दिव्याकडे येतात, म्हणून त्या बाजूचा दिवा मालवावा. दगड मारणे, धूर करणे, फटाके लावणे, हीच त्यांच्या हल्ल्याची नेहमीची कारणे. चौदा एप्रिल नेमकी मोहोळांच्या दिवसांत येते. मिरवणुकीच्या वाटेवर कुठे आग्या बसली आहे का ते कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशी पाहून ठेवावे आणि त्याच्याखाली फटाके लावू नयेत.

माश्या मागे लागल्याच तर हातवारे न करता, तोंड झाकून बंद खोलीत पळावे. नांगी चिमटीत धरून ओढू नये, नखाने खरवडून लगेच काढावी, मग धुऊन थंड पाणी लावावे. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, किंवा डंख बरेच असले तर लोखंड घासत न बसता तडक दवाखाना गाठावा. जागा खरोखरच धोक्याची असेल, म्हणजे शाळा, बालवाडी, रुग्णालय, तर मोहोळ न मारता हलवणारे प्रशिक्षित लोक मिळतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले ते याच खटपटीतून. बेकार तरुणांनी मोहोळ हलवण्याचे काम शिकून घेतले तर शहरात त्याला मागणी आहे, हेही सांगून ठेवतो.

विहाराचे अंगण, डालड्याचा डबा

महिला मंडळांनी आपल्या विहाराच्या अंगणापासून सुरुवात करावी. धम्मपदातल्या पुप्फवग्गात भिक्खूने गावात भिक्षेला कसे जावे हे सांगताना मधमाशीचाच दाखला दिला आहे, तेव्हा ती आपल्याला परकी नाही. अंगणाची एक कड फरशीशिवाय, उघडी माती म्हणून सोडावी. एक कढीपत्ता, एक शेवगा, एक लिंबू लावावे. कढीपत्त्याची पाने कुणी कुरतडली म्हणून लगेच औषध मारू नये. पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी, मग हिरवी होणारी ती अळी फुलपाखराची आहे. पोरांना दाखवावी, कोश होईपर्यंत रोज पाहू द्यावी. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते बरे समजते.

जागा नसेल तर डालड्याचा डबा, फुटकी बादली, तेलाचा कॅन यांच्या तळाला भोके पाडून खिडकीत ठेवा. तुळस लावायला आपल्यातली काही मंडळी बिचकतात. तिचे लग्न लावायचे नाही एवढेच. रोप म्हणून ती औषधी आहे आणि तिच्या मंजिरीवर दिवसभर माश्या असतात. मंजिऱ्या लगेच खुडू नका. सब्जा, पुदिना, पानओवा, सदाफुली चालते. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळीचा देशी लावा, गच्च भरलेल्या संकरित फुलात माशीला आत शिरायला वाट नसते. बाजारातून आणलेल्या धण्यातली मूठभर पेरली की कोथिंबीर होते. तिच्यातली चार रोपे न खुडता फुलावर जाऊ द्या. पांढऱ्या बारीक फुलांवर कोण कोण येते ते मोजायला पोरांना सांगा.

वेलावर भोपळा धरत नसेल तर माशी परत येईपर्यंत स्वतः करावे. सकाळी लवकर, पिवळे फूल पुरते उमललेले असताना, ज्याच्या मागे बारीक फळ नाही असे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला दांडा मागे फळ असलेल्या मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवावा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. दुधीला मात्र हेच सूर्य मावळताना करावे लागते, कारण त्याचे फूल तेव्हाच उघडते.